आठवा दगड

येडगाव
दि. १४ नोव्हेंबर १९९४

चि. रामनाथ यास,
अ. उ. आ.

तुझी ‘आठवी’ पोचली. पोस्टमननं पाकिटाच्या फाटक्या कोपऱ्यातून नाव वाचलं आणि विचारलं, की अक्षदाचं गाईड आलं व्हय. मी म्हटलं, गाईड नाही, तिच्या मामाची कादंबरी आहे. तो म्हणाला, मग भुताचंच असणार.

तुझ्या दाजींनी कांद्याला पाणी धरता धरता बांधावर बसून वाचली. म्हणाले, की तुझा भाऊ लई खोटारडा, पण पुस्तक हातातनं सुटत नाय. एक वाफा फुटून पाणी शेजारच्या रानात गेलं. हे कौतुक समज.

मीही वाचली. तुझ्या पुस्तकातली बाई सोनी. आपली आई सोनीबाई. गाव येडगाव. विहीर आपली, जिच्यावर आता धरणाचं पाणी आहे आणि जी मे महिन्यात उघडी पडते. काठावरच्या साती आसरा आणि त्यांच्या शेजारचा आठवा दगड, तेही जसेच्या तसे. बदलली आहेस ती फक्त आई. तुझी सोनी पाण्यातून हात बाहेर काढते आणि लोकांची पोरं ओढून नेते.

तू तेव्हा चार वर्षांचा होतास. तुला जे ठाऊक आहे ते माझ्याकडून. म्हणून पुन्हा सांगते. आईनं जीव दिला. बाबांच्या माराला कंटाळून दिला. गावाला ते त्याच दिवशी कळलं होतं. पण गावातला म्हातारा चिमाजी आजा विहिरीच्या काठावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की बाई पाण्याला आली व्हती, आसरांनी नेली. मग ओढ्यातून एक गोटा आणून त्याला शेंदूर लावला आणि सातजणींच्या ओळीत ठेवला. पाण्याच्या देवींनी नेलेली बाई देवींतच जमा होते. तिच्या पोरांकडं कुणी बोट दाखवत नाही. त्यानंतर गावात कुणी दुसरं काही बोललं नाही. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आठही दगड वाजतगाजत वर आणले. आजही बाया आठ ओट्या भरतात. माझं लग्न त्या आज्याच्या शब्दावर याच गावात झालं, रामनाथ, आणि तुझी शाळासुद्धा.

पुढच्या आवृत्तीत नाव आणि गाव बदल. एवढंच मागते. बाकी लिहिणं तुझं, त्यात मी बोलणार नाही.

चि. सौ. नूतनला आशीर्वाद. जेवणाच्या वेळा पाळ, आणि अक्काचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी
अक्का


पुणे
दि. २५ नोव्हेंबर १९९४

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दाजींना सांग, की खोटारडेपणाचं मला दर महिन्याला मानधन मिळतं आणि त्यांना फुटलेल्या वाफ्याचं काही मिळत नाही.

माझी पहिली कादंबरी तुला आठवत असेल. ती आईचीच होती. तिच्यात पाण्यातून येणारा हात नव्हता. एक बाई होती, तिचा मार होता आणि शेवटी विहीर होती. दोघा समीक्षकांनी बरी म्हटली. उरलेले गठ्ठे प्रकाशकांनी, म्हणजे सोपानरावांनी, रद्दीत घातले, आणि मी छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासत राहिलो. सोपानरावच एकदा म्हणाले, की या बाईला मेल्यावर परत आणा. मी आणली नाही. दुसऱ्या बायका आणल्या, दुसरे वाडे, दुसरी स्मशानं. तीस पुस्तकं झाली, तेव्हा कुठं तिच्याकडं वळलो. लोकांना दुःख नको असतं, अक्का. भीती चालते. पुस्तक मिटलं की ती संपते.

तू गावाची काळजी करतेस. गावात कोण वाचतं? माझी पुस्तकं सोलापूर, नागपूर, गिरगावच्या वाचनालयांत पानं सुटेपर्यंत फिरतात. त्या लोकांना येडगाव खरं आहे हेसुद्धा माहीत नाही.

तरी तू म्हणतेस म्हणून नाव बदलतो. सोपानरावांच्या कानावर घातलं आहे.

सोबत नूतननं तुला साडी पाठवली आहे. रंग तिनं निवडला, तेव्हा तक्रार तिच्याकडं कर. अक्षदाला पापा. आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझा
रामनाथ


येडगाव
दि. ९ मार्च १९९७

चि. रामनाथ यास,
अ. उ. आ.

साडी मी दोन दिवाळ्या नेसले, तिचा रंग गेला. पुस्तकातलं नाव गेलं नाही. नवीन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आता आठवा दगडच आहे, आणि त्याला डोळा काढला आहे.

गावात कोण वाचतं असं तू विचारलं होतंस. नारायणगावच्या एस.टी. स्टँडवर तुझी पुस्तकं सुतळीला टांगलेली असतात. पोरं कॉलेजला जाताना भाड्यानं नेतात आणि येताना परत करतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातलं पोर वाचून दाखवतं. ठमाबाईनं संपूर्ण ऐकली. म्हणाली, सोनी माझ्याबरोबर खुरपायला व्हती, ती कुणाचं पोर वढंल असं वाटत न्हाई, पण रामनाथनं लिवलंय म्हंजे त्याला ठावं असंल. तो तिचाच ल्योक.

रविवारी पुण्याची पोरं मोटरसायकली घेऊन येतात. परवा एकानं ठमाबाईला विचारलं, की बाई रडते तो आवाज खोडदच्या त्या आभाळातलं ऐकणाऱ्या दुर्बिणीत येतो का. ती म्हणाली, तुमच्या गाड्या बंद करा, मग ऐकून सांगते.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण गेल्या महिन्यात हौशीरामची सून लंकाबाई, तिचा मुलगा कालव्यात पडला. लोकांनी काढला, वाचला. ती आसरांच्या ओट्या भरायला गेली आणि सात भरून परत आली. मी विचारलं तर म्हणाली, की अक्का राग मानू नका, पोराच्या जीवाचा प्रश्न हाय, आठवीला कशाला जागं करायचं. तिचं पाहून बाकीच्या. आता आठव्या दगडापाशी खण-नारळ नसतो. लिंबं असतात, टाचण्या टोचलेली. मी सकाळी जाऊन उचलते.

मी ओटी भरते. पण लेक भरणारच, असं म्हणतात.

नाव बदलायचं काय झालं ते कळव. छातीला जप.

अक्का


पुणे
दि. २ एप्रिल १९९७

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

सोपानराव नाव बदलायला तयार नाहीत. ते म्हणतात, की ‘सोनी’ आता वाचकाच्या तोंडात बसली आहे, दुसरं नाव घातलं तर पुस्तक नकली आहे म्हणून लोक परत करतील. करारात तो अधिकार त्यांचा आहे. मी भांडलो. तुला खोटं वाटेल, पण भांडलो.

तुला वाटतं मी इथं सुखाच्या राशीवर बसलो आहे. गाडी आहे, खरं आहे. गेल्या दिवाळीला नऊ अंकांची माणसं माझ्या दारात बसून कथा घेऊन गेली. पण साहित्य संमेलनाच्या मांडवात मला कुणी बोलावत नाही. ज्या प्राध्यापकांनी माझी पहिली कादंबरी बरी म्हटली होती ते मला रस्त्यात ओळखत नाहीत, आणि त्यांच्या बायका नोकराला पाठवून माझी पुस्तकं मागवतात. माझ्यावर एक ओळ कुठं छापून येत नाही. मी नुसता खपतो.

कोथरूडला बंगला बांधून झाला. अक्षयतृतीयेला वास्तुशांत आहे. नाव ‘सोनाई’ ठेवलं आहे. आईच्या नावाचा दगडी फलक दारावर लावला, तेव्हा मला भरून आलं. इथं तिची ओटी कुणी चुकवणार नाही. तू, दाजी आणि अक्षदा आदल्या दिवशी या, गाडी पाठवतो. अक्षदाला वरची खोली दाखवायची आहे, तिथून टेकडी दिसते.

गावातल्या बायांचं मनावर घेऊ नकोस. उद्या दुसरं पुस्तक येईल, हे विसरतील.

वाट पाहतो. नाही म्हणू नकोस.

तुझा
रामनाथ


येडगाव
दि. १८ फेब्रुवारी २००१

चि. रामनाथ यास,
अ. उ. आ.

फोनवर तू घाईत असतोस, शिवाय आमच्याकडचा फोन दुकानात आहे आणि दुकानदार ऐकतो. म्हणून लिहिते.

अक्षदा पहिल्या बाळंतपणाला लोणीहून इकडं आली, मुलगी झाली, हे तुला कळवलं होतं. नाव आरोही ठेवलं. सव्वा महिना झाला आणि परवा तिला पाण्याला नेली. बाळंतीण पाण्याला जाते, आसरांची ओटी भरते, मगच तिनं घागर उचलायची. माझ्या वेळी मी अक्षदाला घेऊन आठव्या दगडापुढं बसले होते. वाटलं होतं, की आईला नात दाखवली.

अक्षदाची सासू सोनीबाई, हो, नाव तेच, मुद्दाम लोणीहून आली होती. बाई चांगली आहे, वाकडं बोलत नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, की विहीणबाई, पोरीला आठव्यापाशी न्यायची नाय. आमच्या घरात समद्यांनी पुस्तक वाचलंय. मी म्हटलं, माझी आई आहे ती. ती म्हणाली, माझं बी नाव तेच, मला काय बरं वाटतं व्हय, पण लहान जीव हाय.

अक्षदानं सात ओट्या भरल्या. आठव्याकडं पाठ करून उभी राहिली आणि बाळाच्या तोंडावर पदर ओढून घेतला. सासूनं सांगितलं नव्हतं ते. तिचं तिनंच केलं. ती माझी लेक आहे, रामनाथ. आईची नात.

पुस्तक आता मागं घेता येणार नाही, हे मला कळतं. दुसरं मागते. तू ये. नूतनला आण. सुनेनं आठव्या दगडाची ओटी भरायची, तू नारळ फोडायचा, आणि सगळ्या गावासमोर. गावानं तुझं ऐकून आईला भूत केलं, तुझंच पाहून परत देवीत घेईल. मी सांगून झालं आहे. माझं सांगणं लेकीचं आहे, तुझं लेखकाचं.

याहून जास्त तुझ्याकडं कधी मागणार नाही. ये.

अक्का


पुणे
दि. २० एप्रिल २००१

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

येतो. मे महिन्यात ‘आठवी’च्या मालिकेचं चित्रीकरण तिथंच आहे. विहीर उघडी पडली की कंपनीची माणसं येतील, मीही असेन. नूतनला तू सांगितलंस तसं खण, बांगड्या, तांदूळ, सगळं घ्यायला लावलं आहे. ती विचारते, की ओटी डाव्या हातानं सावरायची की उजव्या. तिला तू समोर बसून सांग.

तू मागितलंस आणि मी दिलं नाही, असं होणार नाही. मला कडेवर घेऊन शाळेत पोचवणारी तू. गावाला निरोप दे. सगळ्यांना बोलाव.

तुझा
रामनाथ


येडगाव
दि. २९ मे २००१

चि. रामनाथ यास,
अ. आ.

तू गाडीत बसलास तेव्हा तुला वाटलं, की झालं. तुझ्या चेहऱ्यावर मला दिसलं. म्हणून काय झालं ते लिहिते.

सगळं गाव आलं होतं. लंकाबाई आली होती, लोणीहून अक्षदाची सासू आली होती. नूतननं ओटी नीट भरली, एक दाणा सांडला नाही. बायांचे चेहरे सैल झालेले मी पाहिले. ठमाबाई माझ्या कानात म्हणाली, की सोनीला सून आली बघ.

मग तुझ्या हातात नारळ दिला. त्या टोपीवाल्या दिग्दर्शकानं तुला काहीतरी सांगितलं. तू नारळ फोडला नाहीस. तसाच दगडापुढं ठेवलास, उठलास आणि कॅमेऱ्याकडं चालत आलास. मागं पाहिलं नाहीस.

रामनाथ, तू या गावचा आहेस. देवीचा नारळ फोडतात आणि वाटतात. त्याच्यासाठीच माणसं थांबली होती. बाया हात पुढं करून उभ्या होत्या. लंकाबाईनं पोराचाही हात धरून पुढं केला होता. आणि भुताचा नारळ फोडत नाहीत. तो ठेवायचा, निघायचं आणि मागं वळून बघायचं नाही. त्याला उतारा म्हणतात. तू तीस-चाळीस पुस्तकांत उतारे लिहिलेस. तुझ्या हाताला तेवढंच येतं.

पुढं केलेले हात बायांनी हळूहळू मागं घेतले. लंकाबाईनं पोराला उचललं आणि चालू लागली. मी नारळ उचलून फोडायला गेले तर हौशीरामनं माझं मनगट धरलं. म्हणाला, की अक्का, हात लावू नगा, त्यानं उतरवून ठेवलाय. पोटचा ल्योक भितो, मग आमी कोण.

आतापर्यंत ती गोष्ट होती. आता तिला साक्ष मिळाली.

अक्का


पुणे
दि. ११ जून २००१

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

ऊन उतरत होतं. दिग्दर्शक म्हणाला, की नारळ फोडला तर पाणी उडेल, तुम्ही नुसता ठेवा आणि सरळ या, प्रकाश तेवढाच आहे. मला खरंच सुचलं नाही. इतकी वर्षं मी त्या गोष्टी टेबलाशी बसून लिहितो. हातानं काही केलेलं नाही.

पण एका नारळानं एवढं होत असेल तर चूक माझी की गावाची, याचाही विचार कर. तो भाग वाहिनीनं जाहिरातीत घेतला आहे. मी नको म्हटलं होतं. लोकांना तोच सर्वांत आवडला, असं ते सांगतात.

मी तिथं संगमरवरी देऊळ बांधून देतो. आईच्या नावाचं, दिवाबत्तीला माणूस ठेवून. दाजींना जागा पाहायला सांग. मग कुणाची हिंमत होणार नाही.

राग धर, पण पत्र थांबवू नकोस.

तुझा
रामनाथ


येडगाव
दि. २६ ऑगस्ट २००२

चि. रामनाथ यास,
आशीर्वाद.

देवळाचं मी तुला उत्तर दिलं नाही. भुताचं देऊळ बांधायला गावानं जागा दिली नसती.

उन्हाळ्यात दोन मुलं धरणात बुडाली. बाहेरची होती, विहीर बघायला आली होती. त्यांना पोहता येत नव्हतं आणि त्यांना तिथं तुझ्या पुस्तकानं आणलं होतं, पण गावानं हिशेब दगडाच्या नावावर लावला. भगत आणला. तो म्हणाला, की दगडात खिळे मारून पुरायचा. मंदिरापुढं बैठक झाली. तुझे दाजी उभे राहून म्हणाले, की सासूला खिळे मारलेले मी बघणार नाय. मी म्हटलं, दगड माझ्याकडं द्या, मी पाण्यात सोडते.

पाणी भरलेलं आहे. हौशीरामनं मासेमारीची होडी काढली. आधी वल्हवायला कुणी तयार नव्हतं, मग तोच बसला. म्हणाला, की चिमाजी माझा आजा, त्यानं आणून ठेवला, मी पोचवतो. दगड मी मांडीवर घेतला होता. शेंदराचे थर चढून तो फार जड झाला होता. विहिरीच्या अंदाजानं होडी थांबवली आणि मी तो सोडला.

परत आलो तेव्हा काठावर बाया उभ्या होत्या. मी तिथंच नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे करून हात पुढं केला. एकीएकीपुढं केला. कुणी घेतलं नाही. अक्षदा आली होती, तिच्या कडेवर आरोही होती. आरोहीनं हात पुढं केला. अक्षदानं तो धरून खाली घेतला. शेवटी ठमाबाईनं एक तुकडा उचलला. तोंडात नाही टाकला. पदराला बांधला आणि म्हणाली, की दात न्हाईत बाई, घरी जाऊन कुटून खाईन. खाल्ला की नाही ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायांनी सात ओट्या भरल्या. ओळीत आता जागा मोकळी नाही. सातव्या दगडाजवळची माती कुणीतरी सारखी केली आहे.

आई वारली तेव्हा मी रडले नव्हते, कारण तुला सांभाळायचं होतं. आता रडायला हरकत नव्हती, पण आलं नाही.

अक्का


पुणे
दि. ५ सप्टेंबर २००२

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. नूतनला वाचून दाखवताना मला पुढं वाचवेना. असं पत्र मराठीत कुणी लिहिलेलं नाही, अक्का. हे मी लेखक म्हणून सांगतो. होडीचं तू इतक्या थोडक्यात लिहिलं आहेस, की अंगावर काटा येतो.

तुझं दुःख मी समजू शकतो. ते वाया जाऊ नये असं वाटतं. सोपानराव बरीच वर्षं दुसऱ्या भागासाठी मागं लागले आहेत आणि मला सुरुवात सापडत नव्हती. आता ती आहे. या वेळी मी तिला नीट न्याय देईन.

काही गोष्टी विचारायच्या राहिल्या. दगड सोडला तेव्हा वारा होता का? बुडबुडे आले का, आणि किती वेळ? हौशीराम परतताना काही बोलला का? आरोहीनं हात पुढं केला तो डावा की उजवा? आणि ठमाबाईनं तो तुकडा खाल्ला का, तेवढं विचारून ठेव. मला वाटतं तिनं तो खाऊ नये. पण खरं काय झालं ते कळलेलं बरं.

सविस्तर लिही. टपालाला उशीर होत असेल तर दुकानात फोन करतो.

तुझ्या मायेवर जगणारा
रामनाथ


मु. पो. येडगाव, ता. जुन्नर
दि. १६ सप्टेंबर २००२

श्री. रामनाथ भोर यांस,
स. न. वि. वि.

आपले दि. ५ चे पत्र मिळाले. आपण विचारलेली माहिती माझ्याकडे नाही.

इकडे पाऊसपाणी ठीक आहे. कांद्याचे रोप टाकले आहे. अक्षदा व आरोही लोणीस सुखरूप आहेत. ठमाबाईंची प्रकृती चांगली आहे.

भाऊबीजेस येण्याची तसदी घेऊ नये. सौ. नूतनबाईंस नमस्कार सांगावा.

यापुढे काही कळवणे झाल्यास पत्र आमच्या यजमानांच्या नावे घालावे.

आपली विश्वासू,
सौ. शीला गोरख नेहरकर